शारजातलं इंग्रजी खेडं

मी गाव सोडलं त्या दिवशी बाबांच्या प्रार्थनेनं एस.टी. अडवून धरली होती. रविवारची उपासना आटोपून अख्खी मंडळी तबला-टाळांसकट मला पोचवायला फाट्यावर आली होती. बाबा आमच्या देवळाचे पंच. माझ्या आणि माझ्या लहानग्या लेकीच्या, ग्रेसच्या, डोक्यावर हात ठेवून त्यांनी सुरुवात केली. आधी विमानासाठी, मग विमान चालवणाऱ्यासाठी, मग शारजात आधीच पोचलेल्या विजयसाठी, म्हणजे माझ्या नवऱ्यासाठी, आणि मग थेट अरबस्तानच्या राजासाठी. गाडी येऊन उभी राहिली. कंडक्टरनं दोनदा घंटी ओढली, शेवटी खाली उतरून म्हणाला, "अहो बाबा, आमेन म्हणा आता, पुढच्या स्टँडवर मला शिव्या पडतील." सगळे हसले. आई हसली नाही. खिडकीतून भाकरीचं गाठोडं आत ढकलत ती म्हणाली, "तिथं गेल्यावर आधी देऊळ हुडक, रिबके. घर काय, कुठंबी मिळतं."

बाहेरचे लोक चर्च म्हणतात, आम्ही देऊळच म्हणतो. नगर जिल्ह्यातलं आमचं गाव, ओढ्यापलीकडे आमची ख्रिस्ती वस्ती, आणि वस्तीच्या मधोमध ते पत्र्याचं देऊळ. पायताण बाहेर, माणूस आत. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, सगळे सतरंजीवर. आमच्या खापरपणज्यांना गावातल्या कुठल्याच देवळाची पायरी चढू दिली नव्हती, म्हणून या जमिनीचं आम्हाला कौतुक. बाबा म्हणायचे, "हितं कुणी वर नाही, कुणी खाली नाही. सगळ्यांचं बूड एकाच उंचीवर."

आता देवळाच्या स्मरणिकेसाठी 'दुबईच्या आठवणी' (गावाला शारजाही दुबईच) लिहून पाठव, असा तुम्हा गावच्या मंडळीचा निरोप आला आहे. सोबत सूचनाही आहे, की गोड लिही, तरुणांना प्रेरणा मिळेल असं लिही. गोड हवं असेल तर खजूर पाठवते. लिहायचं म्हटलं तर मला जे आठवतं तेच लिहीन, आणि त्यातलं बरंचसं भांडण आहे.

शारजात देऊळ हुडकायला वेळ लागला नाही. एका उंच भिंतीआड मोठं आवार, बाहेरून ना क्रूस ना घंटा. आत मात्र शुक्रवारी जत्रा. तिथं सुट्टी शुक्रवारची, म्हणून आमचा रविवार शुक्रवारी. एकाच इमारतीत तासातासानं भाषा बदलायची. मल्याळी निघाले की तेलुगू आत, तेलुगू निघाले की फिलिपिनो, आणि दारात उभा रखवालदार "यल्ला, यल्ला, टाइम खलास" म्हणत एका देवाच्या लेकरांना हाकलून दुसऱ्यांना आत घ्यायचा. आवाराच्या कोपऱ्यात एक छोटं, जुनं, सुंदर चॅपेल होतं. ते इंग्रजांचं. म्हणजे कागदोपत्री सगळ्यांचं, पण किल्ली इंग्रजांची. दुपारचे दोन तास ते आम्हा मराठी मंडळीला द्यायचे.

आमची मंडळी म्हणजे दुबईतल्या अल बर्शातून गाडीनं येणारं पुण्याचं एक जोडपं, शारजातली आमच्यासारखी दोन-चार कुटुंबं, आणि बाकी सगळे लेबर कॅम्पातले पुरुष. सुतार, सळई बांधणारे, प्लंबर. त्यांचे म्होरके दानिएलकाका, शटरिंगचे सुतार, आमच्याच तालुक्यातले. गुडघे कामातून गेलेले, पण भजनाला आवाज असा की एसी चालू असल्याचं विसरायला व्हावं. कॅम्पात एका खोलीत आठजण राहायचे. पाय पसरून, आपल्या भाषेत, आपल्या माणसांत बसायची त्यांची जागा म्हणजे चॅपेलची ती फरशी. आठवड्यातून दोन तास. माझीही तीच. आठवडाभर मी हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत फाइली सांभाळायची, "येस सर, इन्शाल्ला सर" करायची. शुक्रवारी चपला काढल्या की मी परत ओढ्यापलीकडची रिबका.

इंग्रजांच्या मंडळीच्या वॉर्डन, म्हणजे देवळाच्या कारभारीण, मिसेस ब्रॅमली. उंच, सडपातळ, उन्हानं नाक कायम लाल. नवरा दुबईत कुठल्याशा मोठ्या बांधकाम प्रकल्पावर साहेब. या बाईनं शारजाच्या वाळूत एक इंग्रजी खेडं उभं केलं होतं. तिच्या गावाची वर्णनं सगळ्या आवाराला पाठ. तिथलं आठशे वर्षांचं दगडी चर्च, दारातलं म्हातारं झाड, दोर ओढून घंटा वाजवणारे सहा जण, कुणाच्या मुरंब्याला पहिलं बक्षीस, कुणाच्या भोपळ्याला दुसरं. तसंच सगळं इथं व्हायला हवं. पाळीपाळीनं फुलं सजवायची, त्याला 'फ्लॉवर रोटा' म्हणायचं. उपासनेनंतर कपबशीतला चहा आणि कोरडा केक. फेब्रुवारीत जत्रा, कारण त्यानंतर ऊन. तिथं जुन्या पुस्तकांचे आणि लोकरी मोज्यांचे ढीग. शारजात लोकरी मोजे! आम्हा कुणालाही त्या रोटात नाव घालता आलं नाही. मी एकदा विचारलं तर ती गोड हसून म्हणाली, "हाऊ काइंड! बट वी आर क्वाइट फुल." इंग्रज माणूस नाही म्हणताना किती गोड बोलतो ते मी तेव्हा शिकले. आमच्या सासूबाई बऱ्या, तोंडावर तरी बोलायच्या.

सगळं फिस्कटलं ते त्यांच्या हंगामाच्या सणाला. हंगामाचा सण आपल्याकडेही असतो. कुणी बाजरी आणतं, कुणी कांदे, कुणी कोंबडी, आणि शेवटी त्या कोंबडीवरून दरवर्षी हमखास भांडण. इंग्रजांनी आणले होते दुकानातले डबाबंद खाण्याचे पत्र्याचे डबे. सकाळची त्यांची उपासना झाली आणि दुपारी आम्ही आत गेलो, तर वेदीपुढे डब्यांची उतरंड आणि मधोमध पेंढीच्या आकाराचा एक भलामोठा पाव. आम्ही नेहमीप्रमाणे खुर्च्या भिंतीला लावल्या, सतरंज्या अंथरल्या. प्रत्येक खुर्चीमागे एक छोटी, जाड, भरतकाम केलेली उशी टांगलेली दिसली. नवीनच होत्या. कुणावर चर्चचा मनोरा, कुणावर कोल्हा, कुणावर गव्हाच्या लोंब्या. मिसेस ब्रॅमलीनं गावाकडून मागवल्या होत्या, तिच्या आईनं आणि आईच्या मैत्रिणींनी भरलेल्या. हे आम्हाला कुठून ठाऊक? आम्हाला वाटलं, चला, म्हाताऱ्यांसाठी बसायला आसनं आणली, इंग्रजांनाही दया आली. दानिएलकाकांना मीच हातानं उशी दिली. मनोऱ्याची. ते तिच्यावर ऐसपैस बसले, "आता कसं!" म्हणाले आणि भजनाला सुरुवात केली. पाहता पाहता सगळ्या वयस्क माणसांच्या बुडाखाली एकेक उशी गेली.

मिसेस ब्रॅमली तिची केकची थाळी विसरली होती, ती न्यायला परत आली. दारातच थांबली. आधी तिचं नाक लाल होतं, आता सगळं तोंड झालं.

"यू आर सिटिंग ऑन माय मदर्स चर्च!"

तबला थांबला. मी उठून म्हटलं, "मॅडम, दीज आर फॉर सिटिंग, नो?"

"दे आर फॉर नीलिंग!"

काय झालं म्हणून काकांनी मला विचारलं. मी मराठीत सांगितलं, की या उशा गुडघे टेकायच्या आहेत. काकांनी बाईकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं, आणि मनापासून विचारलं, "देवापुढं गुडघे टेकायचे, अन् वर उशीबी पाहिजे?"

मंडळी हसली. अगदी पोटातून हसली. मिसेस ब्रॅमलीला शब्द कळले नाहीत, हसणं कळलं. ती तरातरा आत आली, सतरंजीवरून, टाचांच्या बुटांसकट, आणि वाकून काकांच्या अंगाखालची उशी ओढायला लागली. त्या बुटांनी माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मॅडम, वी सॅट ऑन युवर मदर्स चर्च. यू आर स्टँडिंग ऑन आवर्स. विथ शूज." ग्रेस माझा हात ओढत होती, "मम्मा, डोन्ट शाउट इन चर्च." पण मी ओरडले. आजही मला त्याचं वाईट वाटत नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या पाळकसाहेबांनी विजयला बोलावून घेतलं. साहेब अतिशय सभ्य. म्हणाले, कदाचित मराठी मंडळीला मागची केबिन जास्त सोयीची पडेल, नाही का? हे 'कदाचित' म्हणजे हुकूम होता. केबिन जनरेटरच्या शेजारी, जुन्या खुर्च्या आणि मोडके पंखे ठेवायची. आत सतरंजी पुरती उलगडत नव्हती. निम्मे पुरुष बाहेर डांबरावर उभे राहून भजन म्हणायचे आणि जनरेटर त्यांच्यावर भजन म्हणायचा. त्यावर कडी म्हणजे ते डबे. हंगामाच्या सणाचे ते डबे 'गरीब कामगारांसाठी' म्हणून कॅम्पात वाटले गेले, आणि फिरून फिरून आले कुणाकडे, तर दानिएलकाकांच्या खोलीत. काका एक डबा घेऊन केबिनमध्ये आले. "रिबका, ही घेवड्याची गोड उसळ कोण खातं गं? आम्हाला खाली बसू देत नाहीत, वर हे खायला घालतात."

त्याच हिवाळ्यात बांधकामांचा बाजार कोसळला. क्रेन जागच्या जागी थांबल्या. शारजा-दुबई रस्त्यावरचा जाम, ज्यात विजयचं निम्मं आयुष्य गेलं होतं, एकाएकी विरळ झाला. आधी आम्हाला बरं वाटलं, मग लक्षात आलं की रस्ता मोकळा झाला कारण माणसं गेली. अल बर्शाचं जोडपं मुलांची शाळा अर्ध्यात टाकून पुण्याला परतलं. कॅम्पातून तर घोळक्यानं माणसं निघाली. दर शुक्रवारी केबिनमध्ये कुणाचा ना कुणाचा निरोप. शेवटी दानिएलकाकांची पाळी आली. जाण्याच्या आधीच्या शुक्रवारी त्यांनी मला एवढंच विचारलं, "एकदा आत बसून भजन म्हणायला मिळंल का गं? आवाज घुमतो तिथं." मी पाळकसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, वॉर्डनशी बोलावं लागेल. वॉर्डननं काय सांगितलं असेल ते तुम्हाला कळलंच असेल. काका जनरेटरच्या सोबतीनं शेवटचं भजन म्हणून गेले. मी त्या बाईला त्या दिवशी मनातल्या मनात जे म्हटलं ते स्मरणिकेत छापता येणार नाही.

इंग्रजही गळायला लागले होते. फुलांच्या पाळ्या रिकाम्या पडल्या. वेदीवर एकाच बाईची फुलं दिसू लागली, दोन-दोन आठवडे तीच, सुकलेली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, रविवारच्या शाळेत आपण ख्रिस्ती प्रेमावर निबंध लिहितो आणि आतून असे असतो.

उन्हाळा तोंडावर असताना एका शुक्रवारी मिसेस ब्रॅमली केबिनच्या पायरीवर येऊन उभी राहिली. उपासना संपली होती, मी सतरंजी झटकत होते. नवऱ्याचा प्रकल्प बंद झाला, आम्ही परत चाललो, असं म्हणाली. मी म्हटलं, "गुड. युवर व्हिलेज इज वेटिंग." मुद्दामच म्हटलं. ती पायरीवर बसली. त्या बाईला जमिनीच्या इतक्या जवळ मी प्रथमच पाहत होते. ती जे इंग्रजीत बोलली ते आपल्या भाषेत सांगते.

ती म्हणाली, ते गाव माझं नाही. माझ्या आईचंही नव्हतं. आम्ही लंडनचे. आई-वडिलांनी उतारवयात तिथं घर घेतलं, पुढे आम्हीही घेतलं. त्या लोकांनी आम्हाला कधी आपलं म्हटलं नाही. दुकानात, चर्चमध्ये, सगळीकडे 'लंडनवाले'. फुलांच्या पाळीत नाव घाला म्हणून आईनं विचारलं, मग मी विचारलं. तिथं पाळी आईकडून लेकीकडे जाते. दरवेळी सांगायचे, अगदी भरलंय हो. आईनं त्या उशा भरल्या, त्यांनी थँक यू म्हणून कपाटात ठेवून दिल्या. म्हणून मी इकडे मागवल्या.

मी सतरंजी खाली टाकली. दया आली असं तुम्हाला वाटेल. मला संताप आला. मी विचारलं, "यू न्यू. यू न्यू हाऊ इट फील्स. अँड स्टिल?"

"येस," ती म्हणाली. "आय न्यू एक्झॅक्टली." मग म्हणाली, की आयुष्यात पहिल्यांदा एका चर्चची किल्ली माझ्या हातात आली होती. माझी माफी मागितली नाही. उलट म्हणाली, मी गेल्यावर पुन्हा अर्ज करा, ते देतील. पण मी इथं असेपर्यंत मला ते बघवणार नाही. उठली, मागची धूळ झटकली आणि गेली. खरं बोलली म्हणून मी तिचा आदर करते. क्षमा केलेली नाही. देवाला करायची असेल तर त्यानं करावी, त्याचं मन मोठं.

ती गेली आणि महिन्याभरात चॅपेल आम्हाला परत मिळालं. कुणी भांडलंही नाही, सकाळच्या खुर्च्या भरायला इंग्रजच नव्हते. आम्ही खुर्च्या भिंतीला लावल्या, सतरंज्या अंथरल्या, आणि अर्ध्या सतरंज्या रिकाम्या राहिल्या. विजयनं भजन सुरू केलं. आवाज खरंच घुमत होता. आमच्याकडे घुमवण्यासारखा आवाजच उरला नव्हता. पुढे हळूहळू नवी माणसं आली, नवे सुतार, नवे प्लंबर. त्यांना वाटतं ती फरशी पहिल्यापासून आमचीच आहे. मी त्यांना काही सांगत नाही.

आणि आता तुमच्याविषयी.

बाजार जरा सावरल्यावर मी पहिल्यांदा सुट्टीवर गावी आले. तुम्ही फाट्यावर हार घेऊन उभे होता. देऊळ ओळखू येईना. पत्र्याच्या जागी स्लॅब, खाली चकचकीत फरशी, गल्फमधून आलेल्या देणग्यांतून झालेलं सगळं. मी चपला काढल्या आणि सरळ डावीकडे बायकांत जाऊन आईशेजारी बसायला लागले, तर नव्या पंचांनी माझा दंड धरला. "ताई, तुम्ही खाली नका बसू. तुम्हाला आता सवय राहिली नसंल." पुढे सहा खुर्च्या मांडल्या होत्या, बाहेरदेशाहून आलेल्यांसाठी. मी नको नको म्हणत होते. आईनंच डोळ्यानं दटावलं, "बस गं, मान दिलाय तर." मी बसले. खुर्ची नेमकी आईच्या पुढ्यात होती. पूर्ण उपासनाभर माझ्या आईचं डोकं माझ्या गुडघ्यापाशी होतं. बाबा उजवीकडे पुरुषांत जमिनीवर बसले होते, मान खाली घालून. ते माझ्याकडे पाहत नव्हते. तुम्ही प्रार्थनेत माझं नाव घेतलंत, 'आमच्या दुबईच्या पाहुण्या भगिनी' म्हणालात. दुसऱ्या दिवशी देवळात झाडू मारायला गेले तर एका मुलीनं तो माझ्या हातातून काढून घेतला. "राहू द्या मावशी, आमच्याकडं पाळ्या लावल्यात." तिचा स्वर इतका गोड होता की माझ्या अंगावर काटा आला.

लोक विचारतात, घर कुठं वाटतं? ग्रेसला विचारलं तर ती म्हणते, "शारजा, ऑब्व्हियसली." तिचं सोपं आहे. शारजात माझा व्हिसा संपला की दुसऱ्या दिवशी मला तिथं उभं राहता येणार नाही, हे मला माहीत आहे. तरी तिथं त्या फरशीवर बसायला मी भांडले आणि बसले. गावात मला भांडावं लागलं नाही, तुम्ही मानानं उचलून वर ठेवलंत, आणि तेवढ्यानं माझी जागा गेली.

तर आठवणी लिहून दिल्या. गोड झाल्या नाहीत. छापायच्या नसतील तर नका छापू, पण वाचा. पुढच्या सुट्टीत मी येणार आहे. हार आणू नका. खुर्ची मांडू नका, मांडलीत तर मी ती उचलून ओढ्यात टाकीन. आईच्या शेजारी एक बाई मावेल एवढी सतरंजी मोकळी ठेवा. तीही भरलेली आहे असं कुणी गोड हसून सांगितलं, तर लक्षात ठेवा, मला जागेसाठी भांडायची चांगली सवय झाली आहे, आणि या वेळी समोर इंग्रज नसतील.